आजीच्या माणकाची नवी अंगठी: गुजरीतल्या दोन महिन्यांच्या नोंदी

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४

आजीची माणकाची अंगठी आईच्या कपाटात कित्येक वर्षं पडून आहे. कडी खालच्या बाजूला घासून तारेएवढी बारीक झाली आहे आणि खडा कोंदणात हलतो. आईला ती पुन्हा बोटात घालायची आहे. याच सोन्यातून, याच खड्याची नवी अंगठी घडवून पाडव्याला तिच्या हातात द्यायची असं मी ठरवलंय. पाडवा ९ एप्रिलला. हाताशी दोन महिने आहेत.

आजीच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ सापडली: ‘आंगठी माणकाची, ४ मासे ३ गुंजा.’ आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. हिशेब केला तर ४.२५ ग्रॅम होतात. आज सराफाच्या काट्यावर अंगठी भरली ४.१८०. मधल्या काळात जे झिजलं ते आजीच्या हातून झिजलं, भांडी घासताना, कणीक मळताना.

कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात म्हणाले, मोड द्या आणि नवी घ्या, खडा परत देऊ. दुसऱ्यात ट्रे पुढे आला, यातली डिझाईन निवडा म्हणून. तिसरं दुकान बोळातलं, आठ फूट रुंद. तिथल्या काकांनी अंगठी हातात घेतली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, आधी खडा बघूया. सोनं काय पळून जात न्हाई.” काम त्यांनाच द्यायचं ठरवलं.

घडणावळ ग्रॅमवर न लावता एकरकमी ठरवली: ४,५०० रुपये, जडकामाचे ८०० वेगळे. लहान अंगठीत सोनं कमी आणि हातकाम जास्त, त्यामुळे ग्रॅमवरचा भाव कारागिराला परवडत नाही, मग तो घाई करतो. एकरकमी बोलणं दोघांच्याही सोयीचं. हे सगळं कच्च्या पावतीवर लिहून घेतलं, आणि पावतीवर अंगठीचं वजन तीन दशांशांपर्यंत.

सोमवार, १२ फेब्रुवारी

खडा काढला. पहिली चूक आजच झाली, आणि ती माझी.

काका म्हणत होते, आधी उजेडात फोटो काढा, वरून, खालून, बाजूने. मला कामाला उशीर होत होता. “काढा तुम्ही, मी बसलेय समोर,” म्हणाले. त्यांनी बारीक सळईने कोंदणाची कड उचलली आणि खडा पांढऱ्या कागदावर उपडा केला.

कागदावर पडला तो लाल खडा नव्हताच. डाळिंबाचा कोवळा दाणा असतो तसा फिकट गुलाबी, कडेला जवळजवळ पांढरा. माझ्या पोटात धस्स झालं. मी समोर बसलेली नसते तर खडा बदलला असंच म्हणाले असते, आणि आयुष्यभर म्हणत राहिले असते.

काकांनी अंगठी माझ्यापुढे धरली. कोंदणाची पाठ बंद होती. आत काळपट लाख भरलेली, आणि लाखेवर लाल पन्नीचा सुरकुतलेला तुकडा, मधोमध अजून चकाकणारा, कडेला ओल लागून तपकिरी पडलेला. जुन्या कामात फिकट खड्यामागे अशी पन्नी घालायचे. उजेड खड्यातून आत जायचा, पन्नीवर आपटून लाल होऊन परत यायचा. आजीच्या बोटातला तो लाल रंग निम्मा खड्याचा आणि निम्मा पन्नीचा होता.

बंद पाठीची अंगठी तुम्ही उघडणार असाल तर फोटो काढल्याशिवाय आणि समोर बसल्याशिवाय उघडू देऊ नका. जुना रंग कसा होता याचा माझ्याकडे आता एकही नीट पुरावा नाही, फक्त लग्नातले धूसर फोटो.

वजनं: खडा ०.३२४ ग्रॅम, म्हणजे १.६२ कॅरेट. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. (इथे एक सांगून ठेवते. बाजारात ‘रत्ती’ दोन आहेत. सोनाराची गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची आणि राशीचे खडे विकणाऱ्यांची पक्की रत्ती १८२ मिलिग्रॅमच्या आसपास. खड्याचं वजन कॅरेटमध्येच लिहून घ्या.) लाख आणि पन्नी ०.२१६. उरलं सोनं ३.६४०. पन्नीचा तुकडा पुडीत बांधून घरी आणला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

खडा तपासायला मुंबईला आले. विम्याशिवाय कुरियरने पाठवायचं धाडस झालं नाही. खरं तर रविवारी रात्री निघून सोमवारी पोचायचं ठरवलं होतं, तिकीटही काढलं होतं. सोमवारी १९ तारीख, शिवजयंती, सगळं बंद. हे ऐन वेळी लक्षात आलं. तिकीट बदललं, रजा बदलली आणि काल रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाले.

त्याआधी गुजरीतच दोघांना खडा दाखवला होता. एकाने टॉर्च मारला, खडा आतून लाल पेटल्यासारखा दिसला, आणि तो म्हणाला, “अस्सल माणिक.” दुसराही तेच म्हणाला. टॉर्चवर विसंबून काकांनी ठोकळ किंमतही सांगितली होती.

प्रयोगशाळेचं शुल्क १,५०० रुपये, अहवाल शुक्रवारी मिळेल.

शनिवार, २४ फेब्रुवारी

अहवाल आला. माणिक नाही. स्पिनेल आहे, माणकासारखा दिसणारा पण वेगळाच खडा. नैसर्गिक, रंग गुलाबी.

फोनवर तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते फार उपयोगी पडलं. माणकात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो, म्हणून अपवर्तनांकाची (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्या मापाची) दोन वाचनं येतात, १.७६२ आणि १.७७० च्या आसपास. स्पिनेलमध्ये वाट एकच आणि वाचनही एकच. आमच्या खड्याचं आलं १.७१८. कारखान्यात केलेलं स्पिनेल सहसा १.७२८ ला जातं, शिवाय आतल्या खुणांवरूनही आमचा खडा खाणीतलाच ठरला. टॉर्चखाली दोन्ही लाल पेटतात, त्यामुळे टॉर्चवरून काहीच ठरत नाही. डायक्रोस्कोप नावाची बोटाएवढी नळी असते. तिच्यातून माणकाच्या दोन छटा शेजारी शेजारी दिसतात, स्पिनेलची एकच. ती नळी फार महाग नसते. सराफाकडे असेल तर मुंबई गाठण्याआधी पहिली चाळणी तिथेच होते.

काकांना सांगितलं. त्यांनी स्पिनेलसाठीचा ‘लालडी’ हा जुना शब्द काढला. त्यांचे वडील असा खडा आला की वेगळ्या पुडीत ठेवायचे म्हणाले. स्वतःच्या अंदाजाबद्दल त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

आईला सांगायचं जड जात होतं. संध्याकाळी सांगितलं. हेही सांगितलं की इंग्लंडच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला जो मोठा लाल खडा आहे, ब्लॅक प्रिन्सचं माणिक म्हणतात तो, तोही स्पिनेलच आहे. जहांगीर आणि शाहजहानची नावं कोरलेलं तैमूरचं माणिकसुद्धा स्पिनेलच. शतकानुशतकं लोक या दोघांना एकच समजत आले. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझी आई त्याला माणिक म्हणायची. मी पण माणिकच म्हणणार. तू कागदावर काय ते लिही.”

सोमवार, २६ फेब्रुवारी

पाठ बंद ठेवायची की उघडी, यावर दुकानात दीड तास गेला. आईला आजीच्या बोटातला लाल रंग हवा होता, म्हणजे बंद पाठ आणि नवी पन्नी. काकांनी जुनी पन्नी भिंगाखाली तिला दाखवली. कडेचा तपकिरी पट्टा पाण्याचा. पाणी एकदा आत शिरलं की पन्नी काळी पडते आणि बाहेरून काही करता येत नाही. आईचा हात दिवसभर पाण्यात असतो, अंगठी काढून ठेवणाऱ्यातली ती नाही.

मग काकांनी खडा चिमट्यात धरून दाराच्या उजेडात उचलला, पाठीमागून ऊन आलं. गुलाबी रंग आतून उजळला, फिकेपणा गेला. आई बघत राहिली आणि म्हणाली, “उघडी ठेवा.”

नख्या नकोत, सगळीकडून सोन्याची कड असलेलं कोंदण हवं, हे मी धरून ठेवलं. नख्या लोकरीत, केसांत अडकतात. स्पिनेल कठीणपणात दहापैकी ८, माणिक ९, म्हणजे फार मागे नाही, आणि त्याला सहज चिरणारी दिशाही नाही. त्यामुळे कोंदणाची कड दाबताना फुटायची भीती कमी.

शुक्रवार, १ मार्च

सोनं आटवलं. यासाठी रजा घेतली आणि भट्टीसमोर बसले. घरचं सोनं त्याच अंगठीत जायला हवं असेल तर याला पर्याय नाही. अंगठी मुशीत टाकली, वर टाकणखाराची चिमूट. आधी ती काळी पडली, मग कडेने घाम आल्यासारखी ओलसर दिसू लागली, आणि एका क्षणी आकार सुटून सगळं मिळून एक गोळी झाली, पाऱ्यासारखी थरथरणारी. आजीची अंगठी म्हणून काही उरलं नाही. आईला आणलं नव्हतं ते बरं केलं.

गोळीचं वजन ३.५९५. मशीनवर शुद्धता ८५.१ टक्के, म्हणजे २० कॅरेटच्या थोडं वर (हे कॅरेट शुद्धतेचं, वजनाचं नाही; २४ म्हणजे शुद्ध). जुन्या झाळीमुळे, म्हणजे जोडांना लावलेल्या हलक्या सोन्यामुळे, उतरली असणार. शुद्ध सोनं धरलं तर ३.०५९ ग्रॅम.

इथे माझा दुसरा मोठा गैरसमज निघाला. मी २२ कॅरेटचीच अंगठी मनात धरली होती. काकांनी कागदावर मांडून दाखवलं: ८५ टक्क्यांचं सोनं ९१.६ वर न्यायचं तर त्यात जवळजवळ ३ ग्रॅम शुद्ध सोनं घालावं लागेल, वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास जाईल आणि १९,००० रुपये जास्तीचे लागतील. नाहीतर गलाईला देऊन शुद्ध करून घ्यायचं, पण एवढ्याशा गोळीसाठी कोणी वेगळी मूस लावत नाही, चार जणांच्या सोन्यात ती मिसळते. मग ते आजीचं सोनं राहत नाही.

१८ कॅरेटला हे सगळं सुटतं. सोनं खाली आणायचं असतं, म्हणून चांदी आणि तांबं मिसळायचं. वर, खडा बसवायला १८ कॅरेट जास्त कणखर. आईला रंगाची काळजी होती. तांबं जास्त झालं तर लालसर, चांदी जास्त झाली तर फिकट. दोन्ही सारखं घातलं की पिवळेपणा टिकतो.

घेतलं असं: आमचं ३.५९५, नवं २४ कॅरेट ०.५००, चांदी-तांबं मिळून ०.६३०. एकूण ४.७२५. हे ७५ च्या किंचित वर बसतं. काकांनी मुद्दाम वर ठेवलं, कारण काठावर ठेवलं तर झाळीमुळे हॉलमार्कच्या तपासणीत अंगठी परत येऊ शकते.

नव्या सोन्याचे ३,२०० आणि ३ टक्के जीएसटी. (हे नंतर जोडलेलं: त्यानंतर मार्चभर दर चढत गेला, पण आम्हाला अर्धाच ग्रॅम लागला होता आणि तो घेऊन झाला होता.)

शुक्रवार, १५ मार्च

पहिली अंगठी बघितली. चुकली.

काकांनी ५ तारखेला विचारलं होतं, पितळेचा नमुना करून बघू का, ४०० रुपये होतील. मी नको म्हणाले. कागदावरचं चित्र नीट होतं. पण चित्रात उंची कळत नाही. खड्याची पाठ खोल आहे, जुना देशी पैलू, खाली पोट सुटलेला. पाठ उघडी ठेवायची तर पोट बोटाला टेकता कामा नये, म्हणून कारागिराने कोंदण उचललं, आणि अंगठी बोटावर बुरुजासारखी उभी राहिली. आईने पदर सारखा केला आणि धागा लगेच अडकला.

शिवाय खडा पुरता गोल नाही, अंडाकृतीही नाही. ७.१ बाय ६.६ मिलिमीटर, एका बाजूला खांदा जास्त. कोंदण मात्र नेमक्या अंडाकृतीत घडवलं होतं, त्यामुळे एका कडेला केसभर फट.

कोंदण कापून पुन्हा करायचं ठरलं. जास्तीचे १,५०० रुपये. यात माझा नमुना न करण्याचा निर्णय आणि त्यांचं खड्यावर माप न घेणं, दोन्ही होतं. निम्मे निम्मे वाटून घ्यायचं का असं काकांनी स्वतः विचारलं. मीच नमुना नाकारला होता, म्हणून मी पूर्ण दिले. या वेळी आधी पितळेचा नमुना, खडा प्रत्यक्ष त्यात ठेवून.

मंगळवार, १९ मार्च

पितळेचा नमुना आईने दोन दिवस घातला. कणीक मळली, भाजी चिरली, कपडे वाळत घातले. दोन गोष्टी कळल्या. कोंदण अजून अर्धा मिलिमीटर खाली यायला हवं, आणि कडी वर खड्याशी रुंद, खाली निमुळती हवी. खड्याचं पोट बसावं म्हणून कडीलाच वरच्या बाजूला खाच घ्यायची असं कारागिराने सुचवलं. उंची कमी करायचा रस्ता तोच होता, आणि तो त्याला नमुना हातात आल्यावर दिसला.

शनिवार, ३० मार्च

काम थांबलंय. कारागीर बंगालचा, दोलयात्रेला, म्हणजे तिकडच्या होळीला, गावी गेला आहे. दहा दिवस. काकांनी आधीच सांगितलं होतं, मी कॅलेंडरवर लिहिलं नव्हतं. आज रंगपंचमी, गुजरीही शांत.

मंगळवार, २ एप्रिल

अंगठी तयार, खड्याशिवाय. उंची उत्तम. माप मात्र अडलं.

आईच्या बोटाचं पेर संधिवाताने सुजलेलं. पेरावरून जायला १७ नंबर लागतो आणि बुडाशी १३ नंबर नीट बसतो. १७ ची अंगठी बुडाशी गरगर फिरते, खडा तळहाताकडे जातो. माप फेब्रुवारीत सकाळी घेतलेलं, आता उन्हाळ्यात संध्याकाळी बोट आणखी फुगतं. माप घ्यायचं तर दोन वेगळ्या दिवशी, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, पेरावर आणि बुडाशी असं दोन्ही ठिकाणी घ्या.

कारागिराने तोडगा काढला. कडीच्या आतून, खालच्या बाजूला, डावीउजवीकडे सोन्याचे दोन बारीक दाणे झाळले, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. पेरावरून जाताना अंगठी थोडी तिरकी करून सरकवायची. बुडाशी आली की ते दाणे मांसाला हलके टेकतात आणि अंगठी फिरत नाही. आईने दहा मिनिटं हात झटकून बघितलं. खडा वरच.

ही सगळी झाळकामं हॉलमार्कच्या आधी. नंतर कापाकापी केली तर आतला शिक्का जायचा धोका, आणि खडा बसवल्यावर तर जाळ लावायचाच नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

हॉलमार्क होऊन आली. कडीच्या आत बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, १८के७५० आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, भिंगाशिवाय दिसत नाही इतका बारीक. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. आपलं सोनं देऊन घडवून घेतलं तरी आग्रह धरा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला, वस्तू अंगठी, शुद्धता ७५०, तारीख, सगळं जुळलं. शुल्क ४५ रुपये आणि जीएसटी. काकांच्या इतर मालाबरोबर गेली म्हणून एवढ्यात झालं.

सोमवार, ८ एप्रिल

खडा बसवला. जडणारे वेगळे, वयस्कर, महाद्वार रोडच्या मागे पहिल्या मजल्यावर बसतात. अंगठी लाखेच्या दांड्यात घट्ट रोवली. खडा कोंदणात ठेवला, काढला, आतून एका जागी केसभर खरवडलं, पुन्हा ठेवला. असं सात वेळा. मग सळईने कड दाबायला घेतली: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, समोरासमोर. एका बाजूने सलग दाबत गेलं तर खडा कलतो, म्हणून. सोन्याची कड खड्याच्या खांद्यावरून वळली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. चाळीस मिनिटं लागली.

शेवटी अंगठी कानाशी नेऊन नखाने टिचकी मारली. “वाजत नाही,” म्हणाले. खडा हलत असला तर बारीक आवाज येतो.

मंगळवार, ९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर अंगठी आईच्या हातात दिली. घराच्या आत गुलाबी दिसते, अंगणात गेली की आतून पेटते. आईने ती आजीच्या हिशेबाच्या वहीवर ठेवली, त्या ओळीशेजारी. अंगठी आता ४.७०४ ग्रॅम, त्यात सोनं ४.३८०. जुन्या मापात अख्खी अंगठी जवळजवळ ४ मासे ७ गुंजा. आईने जुन्या ओळीखाली स्वतःच्या हाताने तेवढंच लिहिलं, आणि पुढे ‘माणकाची’.

बुधवार, १० एप्रिल

हिशेब. तपासणी १,५००, मुंबईचा प्रवास ९००, आटणी आणि शुद्धता तपासणी २००, नवं सोनं जीएसटीसह ३,२९६, घडणावळ ४,५००, कोंदण पुन्हा केल्याचे १,५००, जडकाम ८००, पितळेचा नमुना ४००, हॉलमार्क ५३, मजुरीवरचा ५ टक्के जीएसटी ३४०. एकूण १३,४८९ रुपये. नमुना आधी केला असता तर १,५०० आणि साधारण तीन आठवडे वाचले असते.

सोन्याचा हिशेब: दिलं ४.७२५, अंगठीत ४.३८०, कानशीचा चुरा आणि तुकडे मिळून परत मिळालं ०.११५, घट ०.२३०. परत आलेलं सोनं मागितल्याशिवाय कोणी पुढे करत नाही. काकांनी पुडीत बांधून ठेवलं होतं, पण मागावं लागलंच.

रविवार, १२ मे

महिना झाला. खडा घट्ट आहे. पाठ उघडी असल्यामुळे खालून कणीक आणि साबण जाऊन बसतो आणि खडा मंद दिसू लागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासलं की पुन्हा उजळतो. आई दर रविवारी करते. या उकाड्यात तिचं बोट संध्याकाळी फुगतं तेव्हा दाणे टोचतात म्हणाली. पावसाळ्यापर्यंत थांबून बघायचं ठरवलंय. तरीही टोचले तर एक दाणा कानशीने थोडा उतरवून देतो, असं कारागीर म्हणाला आहे.